उपासाने वाढलेलं वजन

"मॅडम, काटा बिघडलाय," प्रणाली म्हणाली.

काटा बिघडला नव्हता. पालघरला जिल्हा सिलेक्शन होतं आणि आम्ही वजनाच्या टेबलापाशी उभ्या होतो. बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात. स्पर्धेच्या सकाळी वजन मर्यादेत भरलं तरच त्या गटात खेळता येतं. प्रणालीचा गट एक्कावन्न किलोचा. ती भरली बावन्नच्याही वर.

मी बोईसरला बॉक्सिंग शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुली बहुतेक कारखान्यांतल्या आणि पॉवर प्लांटमधल्या लोकांच्या. प्रणाली मात्र केळव्याची, घरची नारळाची वाडी. वर्षापूर्वी आली तेव्हा दोरीवरच्या उड्या मारताना स्वतःच्याच पायात अडकायची. पण हट्टी! दम वाढावा म्हणून मी तिला केळव्याच्या कोरड्या वाळूत पळायला लावलं. रविवारी मुंबईचे पर्यटक "और तेज, दीदी!" ओरडायचे. ती फोनवर माझ्यावर चिडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायची. वडिलांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. इथून निवड होऊन स्टेटला गेली तर ठीक, नाहीतर बोईसरचे हेलपाटे बंद.

"काल काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काय नाय मॅडम. तीन दिवस उपासच हाय. आईने महालक्ष्मीला बोललेलं."

"उपासाला काय खाल्लंस?"

"साबुदाण्याची खिचडी. रताळी. शेंगदाण्याचे लाडू..."

मी कपाळाला हात लावला. एकादशी दुप्पट खाशी! तिची आई मागेच उभी होती, डबा घेऊन. "अख्ख्या घराने उपास धरला मॅडम, पोरीसाठी," ती कौतुकाने म्हणाली. "खिचडी घ्या, गरम हाय." तिच्यावर रागवायचं तरी कसं? मी प्रणालीवर रागावले.

दुसऱ्या क्लबचे एक सर जवळ आले. "मॅडम, जाकीट चढवा आणि उन्हात पळवा. तासाभरात उतरतं."

"उतरतं ते पाणी, सर."

हा प्रकार सगळीकडे चालतो. घाम गाळून, थुंकून वजन काट्यापुरतं खाली आणायचं. पण अशा कोरड्या पडलेल्या मुलीच्या डोक्यावर ठोसा बसला तर काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. मी ते करणार नव्हते. मग उरला एकच रस्ता.

टेबलावरचे ऑफिशियल म्हणाले, "वरच्या गटात जागा आहे. नाव टाकू? आत्ताच सांगा."

वरच्या गटात मनोरची नेहा एकटीच होती. गेल्या वर्षी स्टेट खेळलेली, उंच, हाताला जड. मी प्रणालीकडे पाहिलं. "तिकडे नेहा आहे."

"असूंदे. वर्षभर वाळू तुडवली ती काय घरी जायला?"

मला तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली. "टाका नाव," मी म्हटलं.

पहिला राऊंड सरळसरळ नेहाने घेतला. राऊंड संपल्यावर कोपऱ्यात मी प्रणालीच्या तोंडावर पाणी मारलं. "हनुवटी झाक. जॅब मार आणि सटक, समोर उभी राहू नकोस." जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. त्याने कोणी पडत नाही, पण समोरची बेजार होते.

दुसऱ्या राऊंडला नेहा बेजार झाली. तिसऱ्यात तर काय सांगू! नेहाचं तोंड उघडं, हात खाली आलेले. आणि आमची बाई ताजीतवानी, गोल गोल फिरतेय, जॅब, जॅब, मग उजवा! मी काय ओरडत होते ते मलाच कळत नव्हतं. कोचने ओरडायचं नसतं. रेफरीने मला दोनदा दटावलं.

शेवटी रेफरी दोघींचे हात धरून मध्ये उभे राहिले. आमचा हात वर गेला! मी अशी उडी मारली की खुर्ची आडवी झाली. प्रणालीची आई कोणाला तरी धरून रडत होती. नंतर कळलं, ती बाई नेहाची मावशी होती.

प्रणालीचे वडील भिंतीशी उभे होते. प्रणाली त्यांच्यासमोर गेली. त्यांनी तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं.

"वर्ष संपलं," ते म्हणाले. "आता स्टेटला कुठं जायचं हाय, ते सांग. मी येतो."

हल्ली नवी मुलगी आली की मी पहिली मीटिंग तिच्या आईबरोबर घेते. बॉक्सरला ठोसे अडवायचा गार्ड शिकवता येतो, आईच्या खिचडीपुढे तो टिकत नाही.