आईसाठी काढलेलं गाड्यांचं वेळापत्रक

रुळावरून सकाळी चालायला लागलं की पहिला अर्धा तास माणूस जागा असतो. नंतर तो अर्धवट झोपेत चालतो. डोळे चाव्या बघत असतात, सैल चावीवर हातोडा बरोबर पडतो, पण मन कुठंतरी दुसरीकडंच असतं. मी येडशीला कीमॅन होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. कीमॅन म्हणजे ठरलेला रूळ रोज पायी तपासणारा माणूस. एका किलोमीटरला रुळाखाली सोळाशे साठ आडवे स्लीपर, दर स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार चाव्या, आणि माझ्याकडं सहा किलोमीटर. गुणाकार मी पहिल्याच आठवड्यात केला होता. एकोणचाळीस हजार आठशे चाळीस.

थंडीच्या दिवसांत रामलिंगच्या डोंगराकडून धुकं उतरायचं आणि रूळ पुढं दहा-बारा स्लीपरवर संपल्यासारखा दिसायचा. आपण चालू तसा तो पुढं तयार होत जायचा. कुठंतरी मोर ओरडायचा. त्या धुक्यात माझ्या मनात रोज एकच चित्र यायचं. माझ्या क्वार्टरच्या चुलीपुढं आई बसलेली आहे आणि मी डबा घेऊन निघालोय. मला दुसरं काही नको होतं. आई सास्तूरच्या अलीकडं आमच्या गावात एकटी राहत होती. मी तिचा एकुलता. तिला येडशीला आणून आपल्याजवळ ठेवायची, एवढ्यासाठी मी ही नोकरी धरली होती.

आता मी बेचाळीस वर्षांचा आहे. खात्याची परीक्षा देऊन रुळावरून टेबलावर आलो, धाराशिवला घर झालं, दोन मुलं झाली. पण डोळा लागता लागता अजून मला तेच धुकं दिसतं.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. वडील माळवदाच्या दगडमातीखाली गेले. आई आणि मी त्या रात्री अंगणात निजलो होतो, म्हणून राहिलो. पुढं गाव दुसऱ्या जागी वसलं. सरळ ओळी, सारखी घरं, दारावर रंगवलेले नंबर. आमचा एकशे सत्तेचाळीस. पहिल्या वर्षी माणसं आपलंच समजून दुसऱ्याच्या घरात शिरायची आणि पाणी प्यायला मागायची. घरं चांगली होती, स्लॅबची होती. पण त्यात कुणी निजत नसे. प्रत्येकानं घरापुढं पत्र्याचं शेड उभं केलं. स्लॅबखाली ज्वारीची पोती, पेटी आणि देव, पत्र्याखाली माणसं. पाहुणे आले की घर दाखवायचं आणि शेडात जेवायला वाढायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्या गावाचं आपोआप तसं झालं.

शाळाही पत्र्याचीच होती. दुपारी पत्रा तापून टिकटिक वाजायचा आणि त्या ठेक्यावर आम्ही पाढे म्हणायचो. मला आकड्यांची गोडी लागली ती तिथं. पुढं जिल्ह्याच्या गावी फिटरचा आयटीआय केला. मग नळदुर्गला हायवेवर एका वजनकाट्यावर अडीच वर्षं काढली. ट्रक काट्यावर चढला की आकडा हलत राहायचा. तो थांबेपर्यंत पावती लिहायची नाही, हा तिथला नियम. ट्रकांच्या मधल्या वेळेत मी रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास केला. शारीरिक चाचणीत गोणी घेऊन पळायचं असतं, म्हणून सुट्टीत गावाकडं ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन मी घरांच्या ओळींमधून पळायचो. आई दारात बसून मोठ्यानं आकडे मोजायची. मी दमलो की ती हळू मोजायची. हे मला कळायचं. मी तिला म्हणायचो, "माय, सारखं मोज की गं." ती म्हणायची, "सारखंच मोजायलेय. तूच हळू पळायलास."

रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये ट्रॅकमन म्हणून लागलो, दोन वर्षांनी कीमॅन झालो, आणि क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागं रूळ, पुढं अंगण. ओळीत सहा क्वार्टर, सगळ्यांची दारं रुळाकडं पाठ करून. मागच्या भिंतीपासून रूळ बेचाळीस पावलांवर होता.

आई गठुडं घेऊन आली ती मार्गशीर्षात. दारातच थांबून तिनं वर बघितलं.

"स्लॅब हाय."

"सरकारी हाय माय. लई मजबूत."

"आपलं बी सरकारीच हाय की," ती म्हणाली आणि आत आली.

पहिली मालगाडी आली तेव्हा ती वांगी चिरत होती. आधी फळीवरची ताटं वाजली, मग जमीन हलायला लागली. मी वळून बघेपर्यंत ती अंगणात होती. एका हातात विळी, दुसऱ्यात अर्धं वांगं. शेजारच्या ट्रॅकमनची बायको धुणं वाळत घालत होती. ती हसली.

"अहो मावशी, गाडी आहे ती! मालगाडी."

"मला ठाव हाय की बाई गाडी हाय," आई म्हणाली. "माज्या पायांना ठाव न्हाय."

दिवसाला असं सात-आठ वेळा व्हायचं. तिची भाकरी करपायची, अंघोळ अर्धी राहायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला गावाकडं नेऊन सोड." मी म्हणालो, थोडं थांब, मी करतो काहीतरी.

मी वेळापत्रक केलं. आईला वाचता येत नव्हतं, पण घड्याळ कळायचं. म्हणून मोठ्या पुठ्ठ्यावर मी घड्याळाच्या तबकड्या काढल्या. काटे दाखवून एकेका गाडीची वेळ. प्रवासी गाड्यांच्या तबकड्या शाईनं काढल्या. मालगाडीला वेळ नसते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी स्टेशनात जाऊन मागच्या पंधरा दिवसांत त्या कधी आल्या ते विचारून घेतलं, सरासरी काढली आणि दोन तबकड्या आणखी काढल्या. दुपारी दोन, साडेचार. या दोन खात्रीच्या नव्हत्या म्हणून मी त्या पेन्सिलीनं काढल्या. माझ्या दृष्टीनं मी चोख वागलो होतो. पेन्सिलीचा अर्थ मात्र मी तिला सांगितला नाही.

अकरा दिवस ते चाललं. वेळ जवळ आली की आई पाच मिनिटं आधी उठायची, अंगणातल्या दगडावर जाऊन बसायची, गाडी जाऊ द्यायची आणि पदर झटकून आत यायची. मालगाड्याही त्या दिवसांत नेमक्या थोड्याफार इकडंतिकडं त्याच वेळेला आल्या. जणू माझ्या पुठ्ठ्याचं ऐकत होत्या. शेजारीण आपला पाळणा आमच्याकडं आणून त्यात आठ महिन्यांचं बाळ ठेवून पाण्याला जाऊ लागली. आईचं गाणं मला रुळावर, मैलभर लांबही ऐकू येतंय असं वाटायचं. येत नसणार. पण वाटायचं.

बाराव्या दिवशी अकराच्या सुमाराला मी माझ्या हद्दीच्या शेवटाला होतो. ऊन चढलं होतं. समोरून मालगाडी आली. मी बाजूला उभा राहिलो, झेंडी दाखवली, ड्रायव्हरनं हात केला. सवयीनं डबे मोजले. अठ्ठावन्न. शेवटचा डबा डोंगराच्या वळणाआड येडशीकडं गेला आणि पाठोपाठ रूळ गुणगुणत राहिला. तो आवाज मला आवडायचा. तो विरेपर्यंत मी तिथंच उभा होतो. घराचा विचार माझ्या मनात आला नाही.

दोन वाजता घरी आलो तर आई अंगणात दगडावर बसली होती. शेजारी गठुडं बांधून ठेवलेलं. शेजारणीनंच मला सगळं सांगितलं.

जमीन हलायला लागली तेव्हा आईनं आधी पुठ्ठ्याकडं बघितलं. अकराला तबकडी नव्हती. म्हणजे ही गाडी नव्हती. आवाजाचं म्हणावं तर भूकंपाच्या पहाटेही असाच आवाज आला होता. गावातली माणसं अजून सांगतात, मालगाडी घरावरून गेल्यासारखा. आईनं पाळण्यातलं बाळ उचललं आणि पळाली. पळताना बाकीच्या पाचही दारांवर थापा मारल्या. "भाईर या! भाईर या! भुई हलायलीय!" बायका बाहेर आल्या, रात्रपाळी करून निजलेला एक पॉइंट्समन उघडा बाहेर आला, एकीच्या डोक्याला साबण तसाच होता. आणि मग घरांच्या फटीतून सगळ्यांना एकेक डबा जाताना दिसायला लागला. सगळे हसले. शेजारीण म्हणाली, "मी पण हसले भाऊजी, खोटं कशाला बोलू? पण नंतर बघितलं तर मावशींचे पाय चिरले होते खडीनं, आणि बाळ मात्र झोपेतच होतं."

मी आईजवळ बसलो.

"कागदावर न्हवती ती गाडी," ती म्हणाली.

"मालगाडी होती माय. मालगाडीचं जरा मागंपुढं होतंय. म्हणून तर त्या पेन्सिलीनं काढल्या होत्या."

"पेन्सिल म्हंजी काय?"

वजनकाट्यावर हलता आकडा मी एकदाही लिहिला नव्हता. इथं लिहिला होता, आणि ज्या माणसानं कधीच माझा आकडा तपासला नसता त्याच्या हातात दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली.

आमच्या गँगचा मुकादम वयानं मोठा, जिभेनं तिखट. हजेरीला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रं कीमॅन, तुज्या घरचा स्टेशनमास्तर भारी हाय म्हणं! गाडी यायच्या आत कॉलनी खाली करतोय."

"व्हय," मी म्हणालो. "पण त्याला वेळ चुकीची दिल्ती."

"कुणी?"

"म्या."

त्या दिवशी माझी अवजारं मुकादमानंच उचलून माझ्या हातात दिली.

मग महिना कसा गेला ते नीट आठवत नाही. दुपारी क्वार्टरमध्ये पडलो की मालगाडी यायची, आणि मी पहिल्यांदाच ती घरातून नीट लक्ष देऊन ऐकायला लागलो. एकदा भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. भिंत थरथरत होती, एखाद्या जनावराची पाठ थरथरते तशी. इतके दिवस मी त्या घरात राहत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. रुळावर चालताना चित्र यायचं ते आता वेगळं यायचं. चूल दिसायची, तिच्यापुढं पाट दिसायचा, माणूस दिसायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी गावी गेलो. आई शेडात तूर निवडत बसली होती. पाणी दिलं, बस म्हणाली. मी सुपात हात घातला आणि खडे काढायला लागलो. मग म्हणालो,

"माय, मालगाडी कधी येती ते मला ठाव नसतंय. स्टेशनात बी लई आधी कुणाला ठाव नसतंय. म्या उगंच तबकडी काढली."

"मग तसं सांगायचं की रं."

"तू जाशील म्हणून सांगितलं न्हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुजा बाप बी म्हणायचा, माळवद पक्कं हाय, आत चल, गारठ्यात पोराला घेऊन कशाला निजतीस. माज्यासाठीच म्हणायचा त्यो. त्याला तरी कुटं ठाव हुतं?"

वडिलांबद्दल एवढं ती त्याआधी कधी बोलली नव्हती. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे तिच्या पाठीवर पडले होते. ती हलली की ते हलत होते.

"तितं पत्र्याची जागा मिळतीय का बघ," ती म्हणाली. "मिळाली तर येते. अन् त्या लेकराला दात आले का रं?"

"दोन. खालचे."

"दोनच?" ती म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

येडशीच्या कडेला एका शेतकऱ्याची पत्र्याची खोली मिळाली. रुळापासून अकराशे पावलं. मी क्वार्टर सोडायचा अर्ज दिला तेव्हा ऑफिसात कुणाला पटेना. लोक क्वार्टरसाठी वर्षानुवर्षं थांबतात आणि हा पत्र्याखाली चाललाय. मुकादम मात्र चार माणसं घेऊन आला. पेटी, पाळणा आणि पिंप त्यानं एका खेपेत हलवलं. पाळणा शेजारणीला परत हवा होता, पण गावाहून परत आलेल्या आईनं सांगितलं, बाळ इकडंच येईल.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती. मी उंबऱ्यावर बसलो होतो. शेतावर उजेड अजून रेंगाळत होता आणि लांब डोंगर निळा झाला होता. आधी पत्र्यात एक बारीक घूं उठलं, मग भुईत अगदी हलकं काहीतरी सरकलं. आईचे हात थांबले.

"कोणती?"

"ठाव न्हाय माय," मी म्हणालो. "वेळ तर कुठल्याच गाडीची न्हाय."

ती उठली. भाकरी तव्यावर होती, हाताला पीठ होतं. उंबऱ्यापाशी येऊन एक पाय बाहेर टाकला, एक आत ठेवला, आणि तशीच उभी राहिली. मी उठलो नाही. तिच्या बाहेरच्या पायाशी बसून राहिलो. गाडी दिसत नव्हती, फक्त बाभळींच्या मागं तिचा आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालला होता, सावकाश. तो संपल्यावरही ती थोडा वेळ उभीच होती. मग तिनं बाहेरचा पाय आत घेतला.

भाकरी एका बाजूनं काळी झाली होती. तिनं ती माझ्या ताटात टाकली.

"करपल्याली तुला," ती म्हणाली. "वेळ सांगत न्हाईस तवर हीच खा."

मी खाल्ली. तिनं पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.