धाकट्यांच्या खांद्यावरचा हात

धाकट्यांनी साठी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, घरात सून आली, तरी सगळा बाजार त्यांना धाकटेच म्हणतो. कारण बाजारात एक थोरलेही आहेत. दोघा भावांचं वजनकाट्यांचं दुकान आधी एकच होतं. थोरले म्हणाले, आता आकडे दाखवणारे, बटणांचे काटे विकू या. धाकटे म्हणाले, ज्याला पारडी नाहीत तो काटा कसला? शब्दाने शब्द वाढला आणि थोरल्यांनी दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान थाटलं. तेव्हापासून अबोला. पुढे धाकट्यांनीही निमूटपणे तेच बटणांचे काटे विकायला घेतले. पण चूक कबूल करायला तोंड उघडावं लागतं, आणि त्यांनी तर ते बंद ठेवायचं असा पण केला होता.

सूनबाई दुकानाचं ऑफिस सांभाळायला लागली आणि तिने पहिलंच फर्मान काढलं. यापुढे दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली पाठवणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि छोटासा फोटो असायला हवा. दुरुस्तीवाल्या मिस्त्रींनी भांग पाडून फोटो काढून घेतला. हिशेब बघणाऱ्या बाईंनी एक चष्मा लावून काढला, एक चष्म्याशिवाय, आणि दोन्ही नापसंत केले. धाकट्यांना नवा फोटो नकोच होता. त्यांनी कपाटातून एक जुना काढून दिला, कात्रीने उभा कापलेला. भांडण झालं तेव्हा त्यांनीच रागाच्या भरात थोरल्यांना त्यातून कापून काढलं होतं. एकच अडचण झाली होती. थोरल्यांचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि तो काढायचा तर आपलाच खांदा कापावा लागला असता. म्हणून माणूस गेला आणि हात राहिला.

सूनबाईने फोटो स्कॅन केला. ती जेवायला उठली तेवढ्यात धाकट्यांनी तो स्वतःच ईमेलखाली चिकटवला, कोपरा धरून ओढून चांगला लहानही केला. संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकांना धाडलेल्या ईमेल परत आल्या.

"बाबा, तुमचा फोटो फार जड झालाय."

"फोटो जड? जन्मभर वजनं तोलतोय मी, आणि तू मला शिकवतेस? एवढासा तर केलाय!"

"दिसायला एवढासा. आत सगळा तसाच्या तसा आहे. पोट आत ओढलं म्हणून काट्यावर वजन कमी भरतं का?"

धाकट्यांनी नकळत पोट आत ओढलं आणि तिला म्हणाले, "बरं, कर तुला काय करायचंय ते."

तिने फोटो खरोखरच लहान केला, वजन उतरवलं, रंग जरा उजळले. जाता जाता तो खांद्यावरचा हातही पुसून टाकला. धाकट्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हात कुठे गेला?"

"पुसला. कुणाचा तरी तुटका हात बरा दिसतो का?"

"अगं, पण त्याच्यावाचून खांदा उतरल्यासारखा दिसतोय."

तिने खांदा वर केला. मग सदऱ्याची चुणी चुकली. चुणी सरळ केली, तर ती बाजूच ओकीबोकी वाटायला लागली. तिसऱ्या सबबीला सूनबाईच्या डोक्यात उजेड पडला, हा हात थोरल्यांचा. तिला हसू आलं. तिने हात होता तिथे परत आणला.

पण आता निराळीच पंचाईत झाली. तेवढ्याशा फोटोत हात नीट दिसेना. मिस्त्री मागून डोकावले आणि ओरडले, "अहो, तुमच्या खांद्यावर पाल बसलीय!"

धाकटे कावरेबावरे झाले. "बोटं दिसायला हवीत गं. ओळखू येतील अशी."

"मग जवळून कापावा लागेल. इकडून तुमचा कान जाईल."

"जाऊ दे. ईमेल काय कानाने ऐकायचीय?"

"वरून डोकंही थोडं जाईल."

"जाऊ दे, त्यावर राहिलंय काय!"

असा कान आणि अर्धं टक्कल खर्ची घालून फोटो तयार झाला. चारही बोटं स्पष्ट, एका बोटात जाडजूड अंगठी.

त्याच आठवड्यात काटेवाल्यांच्या संघटनेची ईमेल आली: वार्षिक सभेला कोण कोण येणार? एरवी धाकटे चिटणीसांना फोन करून मोकळे होत. या वेळी त्यांनी सूनबाईकडून सगळ्यांना एकदम उत्तर कसं द्यायचं ते शिकून घेतलं. सगळ्यांत थोरलेही आले. उत्तर एका शब्दाचं होतं, "येतो." खाली ते आणि तो हात.

पाठवल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. थोरल्यांनी दखलच घेतली नाही तर बाजारभर शोभा होणार, हे त्यांना आत्ता सुचत होतं. आणि शोभा एक वेळ सोसता आली असती, पण मग पुन्हा हात पुढे करायची हिंमत त्यांना झाली नसती. दिवसभर ते विचारत राहिले, "नेट बंद पडलंय का गं?"

दुसऱ्या दिवशी थोरल्यांचं उत्तर आलं, एकट्या धाकट्यांना. चष्मा नाकावर होता, तरी त्यांना अक्षरं दिसेनात. सूनबाईने वाचून दाखवलं.

"अंगठीवरून ओळखला. माझा हात आहे तो. मला न विचारता सगळ्या बाजाराला दाखवतोस? हात तुझ्याकडे आणि बाकीचा मी इकडे, असं किती दिवस चालायचं?"

सूनबाई उत्तर लिहायला सरसावली, तर धाकट्यांनी तिला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि एकेक अक्षर शोधत एका बोटाने लिहिलं:

"दादा, खांदा भरून आलाय. तूच ये आणि उचल."

ईमेल धाडून ते उठले आणि समोरच्या खुर्चीवरचा फायलींचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला.