कोळपं उचलायचं बटण

आधीच माफी मागतो. मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि तिथंही मागच्या बाकावरचा. तरी त्या दोन दिवसांबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्यातली चूक अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागानं स्पर्धा ठेवली होती. शनिवारी सकाळी सुरू करून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत एक व्हिडिओ गेम तयार करायचा. दोघांची जोडी. जिंकणाऱ्यांना परीक्षेपर्यंत लॅबमधलं एक मशीन स्वतःसाठी मिळणार होतं. माझ्या जोडीदाराचे वडील सरकारी कचेरीत होते, त्याच्या घरी कॉम्प्युटर होता. मला आठवड्यातून एक तास मिळायचा, आणि त्यातला बराच वेळ मशीन सुरू व्हायची वाट बघण्यात जायचा. मला ते मशीन हवंच होतं.

गेमची कल्पना माझी. कपाशीच्या ओळींमधून बैलांचं कोळपं चालवायचं. तण निघालं की गुण मिळणार, रोप उपटलं की जाणार. शनिवारी बैल चालायला लागले. रविवारी सकाळी मी विहीर, पाऊस, बाजार असं सगळं घालत सुटलो.

"सेव्ह करतोयस ना?" जोडीदारानं विचारलं.

"लाइट दोनला जाती. लई टाइम हाये अजून."

लाइट बाराला गेली. दोनची वेळ आमच्या बदनापूरकडच्या गावाची होती. विहिरीवरच्या मोटारीमुळं ती मला पाठ होती. रविवारी मी कधी जालन्यात नसायचोच. शहराची वेळ वेगळी असेल हे मनातही आलं नाही. सकाळपासूनचं सगळं गेलं. फ्लॉपीवर उरले फक्त शनिवारचे बैल आणि कपाशी.

लाइट आली तेव्हा तीन तास उरले होते. जोडीदार चिडला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "आता विहीर-बिहीर काही नको," एवढंच तो म्हणाला. "आहे तेवढं नीट चालव."

चारच्या सुमारास शिपाईमामा चहा घेऊन आले. मी त्यांना खेळायला बसवलं. बैल ओळीच्या शेवटी वळले आणि मामांनी हात काढून घेतला.

"हे कसलं कोळपं रे? वळताना उचललं न्हाई तर रोपं ऱ्हातील का? तुझ्या बापानं बघितलं तर हाणंल तुला."

लॅबमधली पोरं हसली. मला मात्र लाज वाटली. लहानपणापासून मी कोळपत आलोय. शहरातल्यांना हे काय कळणार, म्हणून मीच ते गाळलं होतं.

"आता हात लावू नकोस," जोडीदार म्हणाला. "बंद पडलं तर?"

मी आधी फ्लॉपीवर एक प्रत काढली, मग लिहायला बसलो. ओळ संपताना उचललं नाही तर रोपं उपटणार. पाचला दहा कमी असताना गेम चालला. "उचलायला हे लांब बटण, मामा," मी म्हणालो. मामांनी एकही वळण चुकवलं नाही. त्यांचा चहा गार झाला.

"सूचनेत ते बटण लिहिलंस का?" जोडीदारानं विचारलं. सूचना एकाच ओळीची होती: बाणाची बटणं वापरा.

"कोळपं उचलायचं कुणाला सांगावं लागतं व्हय? शोधतील की बटण."

तेवढ्यात सरांनी सगळ्यांना उठवलं. परीक्षक बाहेरचे होते आणि ते एकटेच खेळून बघणार होते.

सोमवारी सुट्टी होती. दिवसभर वडिलांबरोबर कोळपताना प्रत्येक वळणावर मला ते लांब बटण आठवत होतं. मंगळवारी जालना स्टेशनवर उतरलो, तर जोडीदार समोरच उभा.

"मशीन दुसऱ्या जोडीला गेलं," तो म्हणाला.

"का पण?"

"परीक्षकांची कपाशी तीनदा उपटली. म्हणाले, गेम चांगला आहे, पण ओळ संपली की बिघडतो."