मुंबई मिळाली की माहेरी

लालबागला आमच्या चाळीखाली लवू परबची मसाला कांडायची गिरण होती. गिरण म्हणजे काय, विजेवर वरखाली होणारी दोन लोखंडी मुसळं आणि त्यांच्यामागे तिखटाने लालभडक झालेला लवू. पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, निम्मी मुंबई याच्याच जिवावर जेवते. पाच वर्षांत आणखी दोन मुसळं, दहा वर्षांत हिंदमाताला दुकान, पंधरा वर्षांत मसाल्याच्या डब्यावर स्वतःचं नाव, असे त्याचे बेत तयार असत. रविवारी काय करणार, असं विचारलं तर मात्र पठ्ठ्या गडबडायचा.

बकुळावैनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बेत एकच होता. मालवणजवळ तिचं माहेर. लग्न झाल्यापासून ती तिकडे गेली नव्हती, आणि लेक-जावयाला एकदा जोडीने बघायचं, एवढाच तिच्या आईचा, सुंदराबाईचा, हट्ट होता. साधी गोष्ट. पण लवूला सवड कुठली? गणपती झाले की दिवाळीची घाई, मग लग्नसराईची हळद, होळीनंतर तर मिरच्यांचा हंगाम आणि बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत. पावसाळ्यात गिरण गप्प असायची, पण तेव्हा कोकणच्या बोटी बंद!

छप्पन सालच्या पावसात वैनीने अबोला धरला. दोन दिवस अळणी पेज प्यायल्यावर लवूने सगळ्या चाळीसमोर शब्द दिला, "मुंबई महाराष्ट्राला मिळू दे, त्याच दिवशी गिरणीला कुलूप आणि आपण बोटीत!" दिल्लीवाले मुंबई सुखासुखी सोडत नाहीत, पंधरा वर्षं तरी निघतील, असं त्याने पक्कं धरलं होतं.

तोवर मोर्च्याकडे गॅलरीतूनही न बघणारी वैनी त्यानंतर दर मोर्च्यात पुढच्या ओळीत. "झालाच पाहिजे!" असं ती ओरडली की बाजूच्या बाया दचकायच्या. काय ही तळमळ, असं पुढारी म्हणायचे. तळमळ खरीच होती. गावी जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ती आईला निरोप धाडायची, मुंबई मिळाली की येतो. आणि तिकडे सुंदराबाई गावात आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला विचारायची, "मुंबय गावली?"

दिल्लीने शेवटी लवूचा घात केला. साठ सालच्या एक मेला, ऐन मिरचीच्या हंगामात, महाराष्ट्र झाला. रस्त्यात गुलाल, चाळीवर तोरणं, गिरणीपुढे ही मोठी रांग, आणि वैनी ट्रंक घेऊन खाली उतरली.

"अगो, बेळगाव खंय इला हा अजून?" लवू मुसळांच्या आवाजावर ओरडला. "कारवार ऱ्हवला. सगळो महाराष्ट्र येवंदे, मग बघूया!"

रांग खो खो हसली. आम्हीही हसलो. वैनी हसली नाही.

"बेळगाव येयत तेव्हा येयत," ती म्हणाली. "माजी म्हातारी आवस तवसर जगाची नाय." आणि इतक्या मोर्च्यांत न डगमगलेली ही बाई तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागली.

रांगेत पहिली अंबिकामावशी होती, वैनीबरोबर प्रत्येक मोर्च्यात चाललेली. तिने मिरच्यांचा डबा उचलून पुन्हा डोक्यावर घेतला. "लवू, बंद कर ती मुसळं. आमच्या मिरच्या आणखी आठ दिवस ऊन खातील, काय बिघडत नाय." मागची वळली, तिच्या मागची वळली, आणि बघता बघता गिरणीपुढे कोणी उरलं नाही. लवूने एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि बटण बंद केलं.

पुढचं वैनीने परत आल्यावर सांगितलं. सुंदराबाई घरापुढच्या खळ्यात बसली होती. पावलं वाजली तरी तिने मान वर केली नाही. वैनी जवळ बसली, तशी तिच्या लुगड्यातल्या तिखटाने म्हातारीला शिंक आली, आणि तिने हात पुढे करून लेकीचं तोंड चाचपलं. दोन वर्षांपूर्वीच तिचे डोळे गेले होते. लेक उगाच जिवाला लावून घेईल म्हणून तिने ते कोणाला कळवू दिलं नव्हतं.

"जावय इलेत?" तिने विचारलं. "मुंबय गावली मां?"

लवूच्या तोंडून बेळगाव निघालं नाही, कारवारही नाही.

"गावली, आये," तो म्हणाला. "सगळी गावली."

"मगे येवक इतको उशीर कित्याक केलास, झिला?"

पंधरा वर्षांचे बेत तोंडपाठ असलेल्या लवूने म्हातारीसमोर बसून तिचा हात आपल्या तोंडावर ठेवला.