भोंगा वाजला तेव्हा

देवावर माझा विश्वास होता. पण माझ्यासारखीला तो जवळ करील याची खात्री नव्हती. कारण एक गोष्ट मी त्याच्याशिवाय कुणालाच सांगितली नव्हती.

मी सात वर्षांची असताना पाकिस्तानशी युद्ध लागलं. वडील पिंपरीत कामगार होते, आम्ही कंपनीच्या चाळीत राहायचो. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, चाळीसमोर लपायला खणलेला चर. आम्हा पोरांना त्याची मोठी गंमत वाटे. एका दुपारी आई नळावर गेली असताना धोक्याचा भोंगा झाला. मी धावत सुटले आणि चरात उडी मारली. दीड वर्षाचा धाकटा भाऊ, बाळू, पाळण्यातच राहिला. बॉम्ब पडला नाही, बाळूला काही झालं नाही. पण त्याला टाकून मी पळाले, हे मनातून गेलं नाही. पुढे कंपनीचा रोजचा भोंगा झाला तरी मी कान झाकून घ्यायचे.

अलीकडेच चिंचवडला गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत उभी होते. हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजणार हे पेपरात वाचलं होतं. तरी तो सुरू झाला आणि मी मटकन खाली बसले. मागच्या बाईनं मला धरलं. तिच्या अंगात कुठल्याशा कंपनीचा निळा कोट, बोलणं लातूरकडचं.

“काय झालं, मावशी?”

कसं कोण जाणे, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मी तिच्यापुढे बोलून गेले.

“भाऊ हाय का आता?”

“आहे की. रावेतला असतो. नातवंडं आहेत त्याला.”

“मग मला काय सांगायलाव? त्याला लावा की फोन!”

लावला. रडत रडत सांगितलं. पलीकडे बाळू खो खो हसला.

“अगं ताई, तू पळालीस खरी, पण भोंगा चालू असतानाच परत आलीस! आई सांगायची ना. ती धावत घरी आली तर तू मला मांडीवर घेऊन कॉटखाली बसलेली. वर मला गूळ चारत होतीस!”

“मला कधी बोलली नाही ती.”

“तिला वाटायचं, तुला आठवतच असेल.”

मला फक्त चर आठवत होता. मीही हसायला लागले. रांगेतली माणसं बघतच राहिली. त्या बाईला शिफ्ट गाठायची होती. मी तिला पुढे सोडलं; घाईनं दर्शन घेऊन ती गेली, नाव विचारायचंही राहिलं. तिला माझ्या मागे कुणी उभं केलं, हे मी कुणाला विचारत नाही.

आपलं आपल्याला किती थोडं ठाऊक असतं! ज्याला सगळं ठाऊक आहे, त्याच्यावर सोपवून मोकळं व्हावं. तोवर गाभाऱ्यात मी लाजेनं डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशी मात्र बाप्पाकडे पोटभर बघितलं.