राखेचा ब्लॉक

शेजारी शांताबाईंची नवी खोली उभी राहतेय. वीजकेंद्राच्या राखेपासून केलेले ब्लॉक इतके हलके, की सत्तरीतल्या शांताबाई स्वतः एकेक उचलून गवंड्याला देतात.

त्याच केंद्रात मी राखेच्या तळ्यावर देखरेखीला होतो. उन्हाळ्यात तळं सुकलं की राख गावभर उडायची. शांताबाईंनी तक्रार केली, तेव्हा पाणी मारलेलं नसतानाही मी वहीत ‘पाणी मारले’ असं लिहिलं. त्या खोट्या ठरल्या.

उडणारी राखसुद्धा शेवटी भिंतीत स्थिरावते. माझ्या मनातलं ते वाक्य मात्र कुठेच बसलं नाही. आज त्यांना सगळं सांगितलं.

“ठाऊक होतं, साहेब. उन्हात वाळत घातलेल्या माझ्या कुरडया राखेनं दाताखाली करकर वाजायच्या,” त्या हसल्या. “आता नुसते उभे राहू नका. हा धरा.”

ब्लॉक हलकाच होता. तरी मी तो दोन्ही हातांनी धरला.