चिंचोक्याएवढा कंडेन्सर
इथे परमुलखात जुना ॲम्प्लिफायर उघडला, की तापलेल्या मेणाचा वास येतो आणि मला धुळ्यातलं चाचांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आठवतं. आठवीत शाळा सुटलेल्या माझ्या हातात चाचांनी सोल्डरिंग आयर्न दिली, ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्या दुपारी मी त्यांचंच ऐकलं नाही. शिरपूरकडच्या एका आबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी पहिल्यांदाच एकटीने दुरुस्त करत होते. आतला मेणकागदाचा, अंगठ्याएवढा कंडेन्सर खराब झाला होता. तो तसाच ठेवला असता तर व्हॉल्व्ह जळला असता. मी तेवढ्याच क्षमतेचा, पण जास्त व्होल्टेज सोसणारा नवा पिवळा निवडला. तो जेमतेम चिंचोक्याएवढा. आबा भडकले, “इतलासा? जुना केवढा व्हता! हाई पोर माले फसाडस.” चाचा माझ्या कानाशी म्हणाले, “बेटा, जुन्याची नळी पोकळ करून त्यात घाल, वरून मेण ओत. म्हातारा खूश.” आबांनी रेडिओ उचलून नेला असता, तर मला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. तरी मी म्हणाले, “नाही चाचा. चोरीचा माल आहे का लपवायला? आबा, हाच बसणार, आणि दिसेल असाच बसणार.” चाचांनी जुनी नळी बाजूला सारली. रेडिओ लागला, घरघर गेली, तरी जाताना आबांनी तो परत आणून द्यायची धमकी दिलीच, “जळना ते परत लई येसू!” अजूनही धुळ्याहून फोन आला की पहिला विचार येतो, जळला की काय? आबांचा रेडिओ काही परत आलेला नाही. आणि गिऱ्हाईक कितीही रुसलं, तरी मी कंडेन्सर नळीत घालत नाही.